बाखच्या ‘पॅशन’ला कीर्तनकार हवा

योहान सेबास्टियन बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही बरोक काळातल्या धर्मसंगीतातली एक अत्युच्च कृती मानली जाते. ११ एप्रिल १७२७ रोजी, उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या सेंट थॉमस चर्चमध्ये ती पहिल्यांदा सादर झाली असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तयकृत शुभवर्तमानाचे सव्विसावे आणि सत्ताविसावे अध्याय, म्हणजे येशूचे अखेरचे भोजन, अटक, खटला, वधस्तंभ आणि दफन, असा तिचा विषय. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद आणि जवळजवळ पावणेतीन तासांचा पसारा. आपल्याकडे अशा संगीताचे श्रोते मुंबई, पुणे आणि गोव्यात मोजकेच सापडतात; बाकीच्यांनी ते ‘आपले काम नव्हे’ म्हणून सोडून दिलेले असते. स्वरमेळ समजायला वेगळा कान लागतो, जर्मन येत नाही आणि विषय चर्चचा, ही तीन कारणे ठरलेली. मला हा समज मुळातून चुकीचा वाटतो. या कृतीची बांधणी ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्व महाराष्ट्रातला खेड्यातला श्रोताही ओळखतो, कारण त्याने कीर्तन ऐकलेले असते. इतकेच नाही, हीच कथा कीर्तनाच्या साच्यात बसवण्याचे काम अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले आहे. तेव्हा बाखचे पॅशन मराठी श्रोत्यांपुढे आणायचे असेल तर ते कीर्तनकाराच्या हातून आणावे, आणि त्याची सुरुवात मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात न करता नगर जिल्ह्यात करावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी बांधणी पाहू. पॅशनमध्ये चार प्रकारचे आवाज आहेत आणि प्रत्येकाचे काम वाटून दिलेले आहे. पहिला सुवार्तिक, म्हणजे कथा सांगणारा. हा तार सप्तकात सहज फिरणारा पुरुष आवाज; तो शुभवर्तमानातले शब्द जसेच्या तसे, बोलण्याच्या लयीत, केवळ खर्जातल्या वाद्याच्या आणि ऑर्गनच्या जुजबी आधारावर म्हणत जातो. दुसरी कथेतली पात्रे: येशू, पेत्र, यहूदा, पिलात आणि समूहाच्या रूपाने शिष्य, याजक, जमाव. तिसरी एकल पदे. त्यांचे शब्द बायबलमधले नाहीत. पिकांडर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लाइपझिगच्या कवीने ते रचले. कथा एखाद्या जागी थांबते आणि त्या प्रसंगाने मनात काय उसळले ते हे पद सांगते. चौथा आवाज मंडळीचा, म्हणजे जमलेल्या उपासकांचा. त्यांच्या तोंडी रविवारच्या उपासनेतली, सगळ्यांना पाठ असलेली गीते येतात. आता कीर्तनाकडे वळा. कीर्तनकार गद्यात आणि साकी, दिंडी, ओवीत कथा पुढे नेतो. मध्येच आवाज पालटून द्रौपदी होतो, दुर्योधन होतो. प्रसंग रंगला की कथा थांबवून पद म्हणतो. आणि टाळकरी चाल उचलतात तेव्हा समोरचा समाज अभंगात सामील होतो. निवेदन, पात्र, भाष्य आणि समूह ही चौरंगी वाटणी दोन्हीकडे तीच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे यातले बरेचसे काम एकटा माणूस उभ्या उभ्या करतो आणि बाख ते वेगवेगळ्या गळ्यांना देतो.

साम्य रेटून सांगू नये. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वविवेचन होते, मग नामघोष, आणि उत्तररंगात आख्यान. लाइपझिगला पॅशनचे दोन भाग होते आणि त्यांच्या मधोमध धर्मगुरूचा उपदेश होत असे. म्हणजे आपल्याकडे विवेचन आधी आणि कथा नंतर; तिकडे अर्धी कथा, मग विवेचन, मग उरलेली कथा. पण एक गोष्ट दोन्हीकडे गृहीत आहे: गाणे आणि निरूपण एकाच बैठकीचे भाग आहेत, एकाशिवाय दुसरे अपुरे. आजच्या मैफलीत पॅशनचे फक्त गाणे उरले आणि निरूपण गळाले. जर्मन श्रोत्याचे त्यावाचून अडत नाही, कारण भाषा त्याची आहे आणि कथाही लहानपणापासून कानावर आहे. आपल्याकडच्या श्रोत्याचे मात्र तिथेच अडते. त्याच्या हातात इंग्रजी अनुवादाची पुस्तिका देऊन भागत नाही, कारण कथा ऐकायची असते, वाचायची नसते.

कीर्तन आणि पॅशन यांचे नाते वरवरचे नाही याचा सर्वांत बळकट पुरावा पहिल्या भागात, भोजनाच्या प्रसंगी मिळतो. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल असे येशू सांगतो, आणि घाबरलेले शिष्य एकामागून एक विचारू लागतात की तो आपणच तर नाही ना. बाखने हा गोंधळ जेमतेम काही आवर्तनांत बसवला आहे आणि त्यात ‘प्रभू’ ही हाक बरोबर अकरा वेळा येते. शिष्य बारा, बारावा यहूदा, तो गप्प आहे. एवढी बारीक नजर कथनकाराचीच असते. खरी कमाल मात्र यानंतर. प्रश्न हवेत असतानाच, येशूचे उत्तर येण्याआधी, मंडळीचे गीत सुरू होते आणि ती मंडळी अपराध स्वतःकडे घेते: दोषी आम्हीच, शिक्षेला पात्रही आम्हीच. बाखच्या काळापासून सतराशे वर्षांपूर्वीच्या घटनेचा रोख एका क्षणात बाकावर बसलेल्या माणसाकडे वळतो. कीर्तनात हेच घडते. दुर्योधनाच्या सभेचे वर्णन करता करता कीर्तनकार थबकतो आणि समोरच्यांना विचारतो की वस्त्रहरण चालले असताना गप्प बसलेल्या भीष्मात आणि आपल्यात अंतर किती. आख्यान हे श्रोत्याला आरोपी करण्यासाठी असते, ही जाण ज्याला आहे त्याला बाखची ही जागा समजावून द्यावी लागत नाही. ती फक्त योग्य वेळी दाखवून द्यावी लागते.

आता नगरची गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईनंतर १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झाले. सुरुवातीच्या मराठी उपासनेत पाश्चात्य चालींवर बेतलेली गीते होती; रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी ती रचली. पण परक्या चालीत मराठी शब्दांची ओढाताण होते आणि गावातला माणूस त्या गाण्यापाशी थांबत नाही, हे नव्या ख्रिस्ती समाजातल्या कवींच्या लक्षात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साचा उचलला. बायबलमधले आख्यान, साकी-दिंडीची वृत्ते, पदे, झांज आणि मृदंग असे ते ख्रिस्ती कीर्तन. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगर आणि राहुरी परिसरात राहिले. त्यांनी मराठी ख्रिस्ती गीताला अभंगाची आणि भजनाची वाट रुंद करून दिली आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. ते १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा काव्य अपुरे होते; पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. आज मराठी चर्चमध्ये वापरले जाणारे ‘उपासना संगीत’ उघडले तर पाश्चात्य चालींची गीते आणि देशी चालींची भजने एकाच पुस्तकात नांदताना दिसतात. म्हणजे दोन्ही परंपरा एका समाजाच्या गळ्यात आहेत. त्या एका कार्यक्रमात, एका कथेसाठी, एकमेकींच्या मदतीला आलेल्या मात्र फारशा दिसत नाहीत.

कीर्तनाचा साचा निवडण्यामागे आणखी एक सामाजिक अर्थ होता. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार आणि मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. देवळातल्या कीर्तनाला त्यांना सभामंडपात जागा नव्हती. पंढरपुरात चोखोबांनाही महाद्वाराबाहेरच थांबावे लागले होते. ख्रिस्ती कीर्तनाने हा कलाप्रकार त्याच माणसांसमोर, त्यांच्या बरोबरीने बसून मांडला, आणि पुढे त्यांच्यातून कीर्तनकारही उभे केले. कोणी म्हणेल की हा उच्चवर्णीय साचा दलितांच्या माथी मारण्याचा प्रकार होता. त्यांच्याकडे शाहिरी होती, जलसा होता, ते प्रकार का नाही घेतले? आक्षेपात तथ्य आहे आणि त्या प्रकारांचा वापर कमी झाला हे नुकसानच. तरी कीर्तन एकट्या देवळाची मालमत्ता कधीच नव्हते. वारकऱ्यांनी ते वाळवंटात नेले, गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ते स्वच्छतेसाठी आणि अंधश्रद्धेविरुद्ध वापरले, आणि कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. हिंदू, ख्रिस्ती आणि ज्यू अशा तिन्ही समाजांनी ज्या साच्यात आपापली कथा ओतली त्या साच्याच्या लवचीकपणाबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही.

याला आणखी जुना आधार गोव्यात आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूर इथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले: सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. इटलीत माँतेव्हेर्दीचे ‘व्हेस्पर्स’ १६१० मध्ये छापले गेले, ज्याच्यापासून बरोक धर्मसंगीताची ओळख करून देतात. जर्मनीत हाइनरिख शुट्झचे ‘डेव्हिडची स्तोत्रे’ १६१९ मध्ये आले. त्याच वर्षी स्टीफन्स वारले. म्हणजे युरोपात धर्मकथेला नाट्यमय गायनाचे रूप मिळत होते त्याच दशकात येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत बांधली गेली होती, आणि ती समाजाने ऐकावी म्हणूनच बांधली होती. बाखचा जन्म त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १६८५ मध्ये झाला. तेव्हा ‘ही कथा मराठीत उसनी आणावी लागेल’ असे म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही. कथा चारशे वर्षे इथेच आहे. अडचण आहे ती संगीताची, आणि पहिला गंभीर आक्षेप तिथूनच येतो.

आक्षेप असा: बांधणी सारखी असेल, पण बाख म्हणजे स्वरमेळ. अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मिलाफातून अर्थ निघतो. एका स्वराच्या वाटेने जाणाऱ्या आपल्या रागसंगीताच्या कानाला ते कसे पोहोचणार? आक्षेप खरा असता तर कीर्तनकाराची मदत निरुपयोगी ठरली असती. पण पॅशनमधल्या सर्वांत परिणामकारक जागा तपासून पाहिल्या तर त्यातल्या अनेक जागांचा अर्थ कळायला स्वरमेळाचे व्याकरण लागत नाही. आधारस्वर कुठे आहे, आहे की नाही, एवढे ऐकू आले तरी पुरते. आणि आधारस्वर ऐकणे हा तर तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाचा पहिला संस्कार. पॅशनचा प्रारंभच पाहा. संथ झोके घेणाऱ्या लयीत खर्जातला एकच स्वर कितीतरी वेळ अढळ वाजत राहतो आणि त्याच्यावर बाकीची वाद्ये एकमेकांत गुंतत वर चढतात. मग पहिला गायकवृंद शोकाला या म्हणून हाक देतो, दुसरा मध्येच कुणाकडे, कसे, असे तुटक प्रश्न टाकतो आणि पहिला उत्तरे देतो. या सवाल-जवाबावर, अगदी वरच्या पट्टीत, तिसरा कोवळ्या आवाजांचा समूह एक जुने सोपे गीत शांतपणे गात जातो. खालचा विलाप उदास छटेचा, वरचे गीत प्रसन्न छटेचे. दोन्ही एकाच वेळी. एवढे आधी सांगून ठेवले तर सनई-चौघड्यात सूर धरणारा आणि वाजवणारा वेगवेगळे ओळखणाऱ्या माणसाला यात हरवण्यासारखे काही नाही.

याहून स्पष्ट उदाहरणे पुढे आहेत. येशू बोलतो तेव्हा प्रत्येक वेळी तंतुवाद्यांचे लांब, मंद स्वर त्याच्या शब्दांभोवती उभे राहतात. बाकी कुठल्याच पात्राला ही साथ नाही. श्रोत्याला तिची सवय होते. वधस्तंभावर, देवाने आपल्याला का टाकले असे तो विचारतो, त्या एका ठिकाणी बाख ही साथ काढून घेतो. टाकलेपणाचा अर्थ शब्दांनी सांगायची गरजच उरत नाही. दुसरी जागा पिलातासमोरची. जमाव वधस्तंभाची मागणी करतो, तो उग्र समूहस्वर एकदा येतो आणि थोड्या वेळाने तेच संगीत एक स्वर वर चढून पुन्हा येते. संताप वाढला हे कुठल्याही कानाला कळते. या दोन गर्जनांच्या मध्ये बाखने एक स्त्रीस्वराचे पद ठेवले आहे: केवळ प्रेमापोटी तो मरायला सिद्ध झाला, एवढेच त्याचे म्हणणे. साथीला एक बासरी आणि दोन ओबो. जवळजवळ पूर्ण कृतीत जो खर्जाचा आधार चालू असतो तो इथे नाही. तानपुरा मध्येच थांबवला आणि गायक गातच राहिला तर मैफलीतल्या प्रत्येकाला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. इथे नेमके तेच होते. निरपराध माणसाच्या बाजूने या जगात काहीच उभे नाही हे बाखने आधार काढून सांगितले. पेत्राने येशूला तीनदा नाकारल्यावरचे पद घ्या. सुवार्तिक ‘रडला’ या शब्दावर गद्याची चाल सोडून वळणे घेत लांबवर जातो आणि मग एका व्हायोलिनच्या सोबतीने दयेची याचना सुरू होते. एका शब्दावर थांबून तो आळवणे ही युक्ती आपल्याकडे शिकवावी लागेल का?

चालींचा मामलाही ओळखीचाच. पॅशनमध्ये काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकाविषयीच्या ज्या गीताची चाल पाच ठिकाणी येते, ती चाल मुळात हान्स लेओ हास्लर या संगीतकाराने १६०१ च्या सुमारास एका प्रेमगीतासाठी बांधली होती. पुढे ती चर्चमध्ये गेली आणि पाउल गेरहार्टच्या शब्दांशी जोडली गेली. बाखने ती पाठ असलेली चाल कथेच्या वळणावळणावर ठेवली. पहिल्या दोन वेळा साथ तीच, फक्त पट्टी अर्ध्या स्वराने उतरलेली. येशूच्या मृत्यूनंतर ती अखेरची येते तेव्हा तिच्याखालचे स्वर असे वाकलेले असतात की ओळखीची चाल अनोळखी भासते. लावणीची किंवा नाटकातली चाल भजनाला लावणे, आणि त्या चालीच्या ओळखीवर श्रोत्याला आत घेणे, हा व्यवहार महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. १८८० नंतरच्या संगीत नाटकाने कीर्तनातून साक्या, दिंड्या, कामदा उचलल्या आणि पुढे भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चाली परत घेतल्या.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो, आणि तो दोन टोकांकडून येतो. काही ख्रिस्ती भाविकांना वाटेल की उपासनेचा विषय रंगमंचावर का न्यावा. काही हिंदू श्रोत्यांना वाटेल की ही धर्मप्रचाराची नवी वाट तर नाही. पहिल्या शंकेला इतिहासच उत्तर देतो. १७२३ मध्ये लाइपझिगची नोकरी स्वीकारताना बाखने लेखी कबूल केले होते की आपले चर्चसंगीत फार लांबणार नाही आणि नाटकी वाटणार नाही. म्हणजे हा वाद तेव्हाही होता. आणि चार वर्षांनी त्याने जे दिले ते लांबही होते आणि नाट्यमयही. हँडेलचे ‘मसीहा’ १७४२ मध्ये डब्लिनमध्ये पहिल्यांदा गायले गेले ते चर्चमध्ये नव्हे, संगीतसभागृहात, आणि उत्पन्न गेले रुग्णालयांना व कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेला. मॅथ्यू पॅशन बाखच्या मृत्यूनंतर जवळजवळ विस्मृतीत गेले होते. ते जगापुढे परत आले ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनच्या गायन अकादमीत. संयोजक होता वीस वर्षांचा फेलिक्स मेंडेलसोन. चर्चबाहेर पडल्यामुळेच ही कृती वाचली. दुसऱ्या शंकेला उत्तर असे की कथा ऐकल्याने धर्म बदलत नाही. नेवासे हे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव याच जिल्ह्यात आहे, आणि हरेगावची मतमाउलीची ख्रिस्ती यात्राही याच जिल्ह्यात भरते. निरपराध माणसाला व्यवस्था, जमाव आणि घाबरलेले मित्र मिळून कसे मारतात ही कथा समजायला कुणाला आपला देव सोडावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मत्तयच्या कथेत जमाव येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो, आणि युरोपात शतकानुशतके याच वाक्याचा आधार घेऊन ज्यूंचा छळ झाला. बाखने हा प्रसंग दोन्ही गायकवृंदांच्या पूर्ण ताकदीने रचला आहे. तो गाळावा का? माझ्या मते गाळू नये आणि उघडाही सोडू नये. बाखच्या कृतीचा एकूण कल दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा नाही. भोजनाच्या प्रसंगी मंडळी अपराध स्वतःकडे घेते ते आपण पाहिले. पण हा कल नुसत्या ऐकण्यातून सर्वांना कळेलच असे नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो. मूळ सादरीकरणात ते काम मधल्या उपदेशाकडे होते, पुढच्या मैफलींत ते कुणाकडेच राहिले नाही. निरूपण करणारा कीर्तनकार इथे शोभेसाठी लागत नाही. कृतीच्या नैतिक अर्थासाठी लागतो. ज्या महाराष्ट्रात ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यासारखा राहिला आणि त्याने स्वतः मराठी कीर्तन केले, तिथे तर ही जबाबदारी टाळताच येणार नाही.

उरतो भाषेचा प्रश्न. पूर्ण पॅशन मराठीत उतरवून गाणे मला पटत नाही. जर्मन शब्दांचे आघात आणि बाखचे स्वर एकमेकांत इतके घट्ट बसले आहेत की मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घांनी ते सांधे निखळतील. बॅलंटाइनच्या काळातली ओढाताण पुन्हा होईल. म्हणून कामाची वाटणी करावी. एकल पदे आणि मोठे समूहगान जर्मनमध्येच राहू द्यावे. सुवार्तिकाचा भाग मात्र मराठी कीर्तनकाराने घ्यावा, शुभवर्तमानाच्या मराठी गद्यात आणि साकी-ओवीत, प्रत्येक पदाआधी त्याचा आशय दोन वाक्यांत सांगत. बाखने इथे मार्टिन लूथरचा जर्मन अनुवाद वापरला, तो लोकांना कळावा म्हणूनच केलेला होता. मराठीत मिशनरी कॅरीच्या १८११ च्या नव्या करारापासून पंडिता रमाबाईंच्या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलपर्यंत अनुवादांची मोठी परंपरा आहे. त्यातून निवड करता येईल. मंडळीची गीते मराठीत, सगळ्यांनी उभे राहून गावीत, कारण ती मुळात सगळ्यांसाठीच होती. शुद्धतावादी म्हणतील की बाखने सुवार्तिकासाठी लिहिलेले स्वर यात जातात, आणि ‘रडला’ शब्दावरचे ते वळणही जाते. हे नुकसान मला मान्य आहे. निवडक चार-पाच ठिकाणी मूळ गायकाकडूनच तो भाग गाऊन घ्यावा, ही त्यावर तडजोड. मेंडेलसोननेही १८२९ मध्ये बरीच पदे गाळली होती. कृतीचे त्याने वाईट झाले नाही, पुढच्या पिढ्यांनी ती पुरती ऐकली.

खर्चाची आणि माणसांची सबब फार टिकत नाही. १७३० मध्ये लाइपझिगच्या नगर परिषदेला दिलेल्या निवेदनात बाखने चर्चसंगीतातल्या प्रत्येक गायकवृंदासाठी बारा, शक्य तर सोळा गायक मागितले होते. प्रत्येक स्वरओळीला एकेकच गायक असे, असे प्रतिपादन करणारे अभ्यासकही आहेत. शंभर जणांचा ताफा ही नंतरच्या शतकाची सवय. नगर जिल्ह्यात चर्चच्या गायकवृंदांत स्वरलिपी वाचणारे लोक आहेत, ख्रिस्ती कीर्तनाची आठवण आहे, आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत तासन्‌तास कथा ऐकणारा समाज आहे. वाद्ये वाजवणारे पुण्याहून आणि गोव्याहून बोलावता येतील. सुरुवातीला पूर्ण कृती न घेता भोजन, पेत्राचा नकार आणि पिलातासमोरचा खटला एवढे तीन प्रसंग दीड तासात बसवावेत. मनमाड रस्त्यावरचे नागापूर लोक औद्योगिक वसाहतीमुळे ओळखतात. तिथे जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांतून आलेली, सर्व धर्मांची कामगार कुटुंबे राहतात. पहिला प्रयोग तिथल्या एखाद्या मंगल कार्यालयात, उत्तम शुक्रवारच्या आदल्या आठवड्यात, तिकिटाविना व्हावा. त्या श्रोत्याला कथा कळली आणि आधारस्वर निघून गेलेला जाणवला, तर बाख मूठभर जाणकारांचा आहे हा समज तिथेच मोडेल. नाहीच जाणवला, तर माझे म्हणणे चुकले असे खुशाल समजावे. मात्र तो निकाल ज्याला हे संगीत अजून कुणी नीट सांगितलेलेच नाही त्या श्रोत्याला देऊ द्यावा. सभागृहात पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी त्याच्या वतीने आधीच देऊन मोकळे होऊ नये.